हृदयातल्या जंताचा माग

मेलेल्या कुत्र्याच्या हृदयाचा उजवा कप्पा उघडल्यावर कधीकधी आत शिजवलेल्या शेवयांसारखा पांढरट गुंता सापडतो. एकेक मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब असते. नर तिच्या निम्म्याने आणि शेपटीकडे वेटोळं घातलेला. हा डायरोफिलेरिया इमिटिस, म्हणजेच हार्टवर्म. डासाच्या चाव्यातून त्याची अळी कुत्र्याच्या अंगात शिरते, कातडीखालून आणि स्नायूंतून वाट काढत फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत पोहोचते आणि सहा-सात महिन्यांनी तिथे पिल्लं घालू लागते. ही पिल्लं म्हणजे मायक्रोफिलेरिया. ती रक्ताबरोबर अंगभर फिरतात आणि पुढच्या डासाची वाट पाहतात. मोठे जंत पाच ते सात वर्षं जगतात. सुरुवातीचे कित्येक महिने कुत्रा धावतो, खातो, शेपूट हलवतो. खोकला, दम, फुगलेलं पोट ही लक्षणं दिसू लागेपर्यंत रक्तवाहिन्यांचं बरंच नुकसान झालेलं असतं.

म्हणूनच जिवंत, धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या आत जंत आहे की नाही, हे रक्तावरून ओळखायची गरज पडली. ती तपासणी आजच्या रूपाला यायला पावणेदोनशे वर्षं लागली. या सगळ्या काळात कुत्र्याचा जंत आणि माणसाचा हत्तीरोग यांचा अभ्यास एकमेकांच्या हातात हात घालून चालला. कधी माणसासाठी शोधलेली रीत कुत्र्याच्या कामी आली, तर कधी कुत्र्याच्या रक्तावर बेतलेली तपासणी माणसापर्यंत गेली.

सुरुवात पॅरिसची. 1843 साली डेव्हिड ग्रुबी हा वैद्य आणि आल्फोर्च्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक आँरी देलाफोंद यांनी तिथल्या विज्ञान अकादमीला कळवलं की एका कुत्र्याच्या रक्तात जिवंत, वळवळणारे सूक्ष्म कृमी आहेत. रक्ताचा ताजा थेंब काचेवर ठेवून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. लाल पेशींच्या गर्दीत काहीतरी सतत तडफडत होतं आणि त्याच्या धक्क्याने पेशी इकडेतिकडे ढकलल्या जात होत्या. ताज्या रक्ताचा थेंब पाहण्याची ही रीत आजही दवाखान्यात वापरतात. कृमी स्वतः दिसण्याआधी पेशींची ही ढकलाढकल नजरेत भरते.

हृदयातला मोठा जंत त्याआधीही लोकांनी पाहिला होता. अमेरिकेत 1847 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि 1856 मध्ये फिलाडेल्फियाचे निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लिडी यांनी त्याला फिलेरिया इमिटिस असं शास्त्रीय नाव दिलं. मात्र रक्तातली पिल्लं आणि हृदयातले जंत यांचं नातं पक्कं व्हायला वेळ लागला. ते नातं जुळवताना पहिला मोठा घोळ झाला तो कलकत्त्यात.

टिमोथी रिचर्ड्स लुईस हे ब्रिटिश लष्करातले डॉक्टर कलकत्त्यात सॅनिटरी कमिशनरच्या हाताखाली संशोधन करत होते. 1872 मध्ये त्यांना माणसाच्या रक्तात मायक्रोफिलेरिया सापडले. हत्तीरोगाच्या कृमीची रक्तातली ही पहिली गाठ. शोध मोठा होता, पण प्रश्न राहिला की ही पिल्लं घालणारा मोठा जंत शरीरात कुठे असतो? माणसाचं शरीर उघडून पाहायची संधी क्वचित. मग लुईस कलकत्त्याच्या रस्त्यांवरच्या बेवारस कुत्र्यांकडे वळले. तपासलेल्या कुत्र्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कुत्र्यांच्या रक्तात त्यांना तसेच कृमी आढळले. शवविच्छेदनात महाधमनीच्या भिंतीत आणि अन्ननलिकेत गाठी मिळाल्या आणि त्या गाठींत लालसर जंत होते. रक्तातली पिल्लं याच जंताची असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तो चुकीचा होता. गाठीतला जंत होता स्पायरोसर्का. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पिल्लं रक्तात फिरत नाहीत. एकाच कुत्र्यात दोन-तीन जातींचे जंत सुखाने नांदतात आणि रक्तात दिसलेल्या कृमीचा बाप भलताच निघू शकतो. हार्टवर्मच्या तपासणीला पुढे पुन्हापुन्हा छळणारी अडचण 1874 च्या सुमारास कलकत्त्यात पहिल्यांदा समोर आली होती.

तिकडे चीनच्या किनाऱ्यावर, अमॉय बंदरात, पॅट्रिक मॅन्सन हे चिनी जकात खात्यात डॉक्टर होते. तिथल्या कुत्र्यांची हृदयं उघडून त्यांनी फिलेरिया इमिटिस पाहिला आणि स्पायरोसर्कापासून तो वेगळा काढला. रक्तातली पिल्लं तिथेच वाढत बसत नाहीत, त्यांना शरीराबाहेर पडण्यासाठी कोणीतरी रक्त पिणारा प्राणी लागतो, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला. 1877 मध्ये त्यांनी हत्तीरोगाच्या कृमीची वाढ डासाच्या पोटात होताना पाहिली. रोगाचा कृमी कीटकाच्या शरीरात वाढतो, हे यातून पहिल्यांदा उघड झालं. 1900 मध्ये इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हार्टवर्मबद्दल पुढचा दुवा जोडला. अळी डासाच्या सोंडेत येऊन थांबते आणि चाव्याच्या वेळी बाहेर पडते. एकाच परिसरात डासांनी माणसालाही चावायचं आणि कुत्र्यालाही, त्यामुळे दोघांच्या रोगांची शास्त्रीय कथा एकत्रच लिहिली गेली.

रोग कळला, तरी तपासणी अजून थेंबावरच अडकली होती. थेंबभर रक्त म्हणजे मिलिलिटरचा विसावा हिस्सा. कृमी भरपूर असतील तर एका थेंबात दहा-वीस दिसतात, कमी असतील तर एकही नाही. त्यातून वेळेचा प्रश्न. हत्तीरोगाचे मायक्रोफिलेरिया बहुतेक ठिकाणी रात्री वरच्या रक्तवाहिन्यांत येतात आणि दिवसा फुप्फुसात दडतात. कुत्र्याच्या हार्टवर्मची पिल्लं दिवसाही सापडतात, पण संध्याकाळनंतर त्यांची संख्या वाढते. सकाळी रिकामा दिसलेला थेंब रात्री भरलेला असू शकतो.

या अडचणीवर तोडगा निघाला तो माणसांसाठी. कॅरिबियन बेटांवरच्या हत्तीरोगावर काम करणाऱ्या जेम्स नॉट यांनी 1939 मध्ये दिवसाच्या रक्तातून मायक्रोफिलेरिया शोधायची एक रीत प्रसिद्ध केली. घरोघरी रात्री जाण्याऐवजी दिवसा शिरेतून रक्त घ्यायचं आणि त्यात जे थोडेफार कृमी असतील ते एका ठिकाणी गोळा करायचे, ही त्यामागची कल्पना. पशुवैद्यकांनी ती उचलली आणि थोड्या बदलांसह ती आजवर टिकून आहे.

कृती साधी आहे. एका नळीत 1 मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि त्यात 2 टक्के फॉर्मॅलिनचं 9 मिलिलिटर पाणी ओतायचं. नळी हलवली की गडद लाल रक्त पारदर्शक होत जातं, कारण लाल पेशी फुटून त्यांचा रंग पाण्यात मिसळतो. मायक्रोफिलेरिया मात्र फुटत नाहीत, फॉर्मॅलिन त्यांना ताठ करून तसेच टिकवतं. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये पाचेक मिनिटं फिरवायची. वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी चिमूटभर गाळ उरतो. त्यात मिथिलिन ब्लूचा थेंब घालून तो काचपट्टीवर घ्यायचा, वर कव्हर स्लिप ठेवायची. निळसर पार्श्वभूमीवर सरळ, निश्चल पडलेले कृमी दिसतात आणि आतल्या पेशींची केंद्रकं गडद निळ्या ठिपक्यांच्या रांगेत उमटतात. एका थेंबाऐवजी वीस थेंबांचा शोध एका स्लाइडवर होतो. खर्च जवळजवळ नाहीच, लागतं ते एक सेंट्रिफ्यूज आणि सरावलेली नजर.

नजर कशासाठी, ते 1956 मध्ये ठळकपणे समोर आलं. न्यूटन आणि राइट या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या रक्तातले कृमी काटेकोरपणे मोजले आणि दाखवलं की अमेरिकेतही दोन जाती आहेत. एक हार्टवर्म. दुसरी आज अ‍ॅकॅन्थोकायलोनिमा रेकॉन्डिटम या नावाने ओळखली जाते. ही दुसरी पिसवांमधून पसरते, कातडीखाली राहते आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही. तोवर रक्तात कृमी दिसला की तो हार्टवर्मच, अशी समजूत होती. न्यूटन आणि राइट यांच्या मोजमापानंतर आधीच्या कित्येक पाहण्यांचे आकडे संशयास्पद ठरले. प्रश्न आकड्यांपुरता नव्हता. हार्टवर्मवर तेव्हा आर्सेनिकयुक्त औषध शिरेतून टोचत. हृदयात जंतच नसताना एखाद्या कुत्र्याने ते विष सोसायचं, हा धोका चुकीच्या निदानातून उभा राहत होता.

तेव्हापासून नॉटच्या स्लाइडवर मोजपट्टी आली. हार्टवर्मचं पिल्लू साधारण 300 मायक्रॉन लांब आणि 6 मायक्रॉनहून थोडं रुंद, डोकं निमुळतं, शेपटी सरळ. रेकॉन्डिटमचं 250 ते 285 मायक्रॉनचं, अधिक बारीक, डोकं बोथट, शेपटी बऱ्याचदा आकड्यासारखी वळलेली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उपचार करायचा की नाही, हा निर्णय त्या पंधरा ते पन्नास मायक्रॉनच्या फरकावर अवलंबून असायचा. 1971 मध्ये शालिफू आणि हंट यांनी अ‍ॅसिड फॉस्फेटेज या वितंचकाचा रंग वापरून आणखी स्पष्ट खूण दिली. हार्टवर्मच्या पिल्लाच्या अंगावर दोन ठरावीक ठिकाणी लाल ठिपके उठतात, रेकॉन्डिटमचं अंग सगळीकडे रंगतं. याच सुमारास बारीक छिद्रांच्या गाळणीतून रक्त गाळून कृमी वर अडकवण्याची रीतही दवाखान्यांत आली.

तपासणीला आणखी निकड आणली ती औषधाने. 1947 मध्ये डायएथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, हे औषध पुढे आलं. ते शोधताना त्याची परीक्षा कापसाच्या शेतात राहणाऱ्या उंदरांवर आणि फिलेरियाग्रस्त कुत्र्यांवर झाली होती. हत्तीरोगावर आजही सरकारी आरोग्यसेवक ज्या गोळ्या देतात, त्यांत हेच औषध असतं. अमेरिकेत ते कुत्र्यांना डासांच्या मोसमात रोज देऊ लागले, म्हणजे आत शिरलेली अळी वाढण्याआधीच मरते. धोका एकच होता. ज्या कुत्र्याच्या रक्तात आधीच मायक्रोफिलेरिया आहेत, त्याला ही गोळी दिली तर काही वेळातच कुत्रा कोसळू शकतो, प्रसंगी मरतो. त्यामुळे गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासणं सक्तीचंच झालं. वर्षातून एकदा कुत्र्याचं रक्त तपासायची अमेरिकी पशुवैद्यकांची सवय या भीतीतून रुजली. 1974 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हार्टवर्म सोसायटीने पुढे तिला नियमाचं रूप दिलं.

पण रक्तात पिल्लं नाहीत म्हणजे हृदयात जंत नाहीत, असं म्हणता येत नव्हतं. दम लागलेले, क्ष-किरण चित्रात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या दिसणारे कुत्रे येत, नॉटची तपासणी कोरी निघे आणि शवविच्छेदनात जंत सापडत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मिंग वाँग यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या 1964 च्या प्रयोगांत दिसलं की काही कुत्र्यांची प्रतिकारशक्ती मायक्रोफिलेरियांना पकडून संपवते, मोठ्या जंतांना मात्र तिचा धक्का लागत नाही. 1973 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अशा छुप्या रोगावर स्वतंत्र लेख लिहिला. कधी सगळे जंत नर असतात, कधी सगळ्या माद्या, कधी ते अजून वयात आलेले नसतात. प्रत्येक वेळी रक्तात पिल्लांचा मागमूस नसतो. पिल्लं शोधण्याची कुठलीही रीत कितीही सुधारली, तरी या कुत्र्यांच्या बाबतीत ती आंधळीच राहणार होती.

मग कुत्र्याच्या शरीराने जंताविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधण्याचे प्रयत्न झाले. त्यांतून फार भरवशाचं काही हाती आलं नाही. दुसऱ्या जंतांमुळेही तशीच प्रतिपिंडं तयार होतात आणि जंत मेला तरी ती रक्तात रेंगाळतात. हवी होती ती जंताची स्वतःची खूण, रक्तात सोडलेला त्याच्या अंगाचा अंश. त्यासाठी लागणारी दोन साधनं त्याच दशकात युरोपात तयार झाली. 1971 मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी एलायझा ही रंगावर आधारलेली तपासणी मांडली. 1975 मध्ये केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची युक्ती शोधली, जिच्यासाठी त्यांना 1984 चं नोबेल मिळालं.

याच 1984 सालाच्या आसपास अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात, गॅरी वाइल यांनी हार्टवर्म झालेल्या कुत्र्यांच्या रक्तजलात जंताचे असे अंश, म्हणजे अँटीजेन, फिरत असतात हे दाखवलं आणि 1985 मध्ये ते पकडणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडं तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. हे अँटीजेन प्रामुख्याने प्रौढ मादीच्या जननमार्गातून सुटतं. रक्तात पिल्लं असोत वा नसोत, दिवस असो वा रात्र, मादी जंत जिवंत असेल तर तिचा अंश रक्तात उतरतो. वाँग यांनी दाखवलेल्या छुप्या रोगाचा मोठा भाग यामुळे एकदम उजेडात आला.

दोन-तीन वर्षांतच या तपासणीची गरज दुपटीने वाढली. 1987 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी आयव्हरमेक्टिनच्या मासिक गोळीला परवानगी मिळाली. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळवलेल्या जिवाणूपासून आणि विल्यम कँबेल यांच्या संशोधनातून आलेल्या या औषधासाठी त्या दोघांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. महिन्याला एक गोळी म्हणजे मालकाची मोठी सोय, पण ती नियमित घेणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातून मायक्रोफिलेरिया हळूहळू नाहीसे होतात, हृदयातले मोठे जंत मात्र राहतात. ज्या औषधाने रोग रोखला त्यानेच जुन्या तपासणीची नजर बांधली. अँटीजेन तपासणी त्याच काळात व्यापारी किटच्या रूपात दवाखान्यात पोहोचली, म्हणून निदान अडलं नाही.

आजच्या दवाखान्यातलं स्नॅप हे उपकरण तळहाताएवढं आहे. कुत्र्याच्या रक्ताचे तीन थेंब आणि वितंचक जोडलेल्या प्रतिपिंडांच्या द्रावाचे चार थेंब एका छोट्या नळीत मिसळून ते खाचेत ओततात. द्रव पट्टीवरून सरकत जातो. टोकाच्या गोल खुणेला रंग येऊ लागला की वरचं बटण दाबायचं आणि कट् आवाज येतो. आतल्या दुसऱ्या कप्प्यातलं धुवायचं पाणी उलट दिशेने वाहून जादाचा माल नेतं आणि रंग आणणारं रसायन मागे येतं. आठ मिनिटांत उपकरण नीट चालल्याच्या खात्रीचा ठिपका निळा होतो. त्याच्याजवळ ठरलेल्या जागी आणखी एक निळा ठिपका उठला तर जंताचं अँटीजेन आहे. त्याच पट्टीवर गोचिडांपासून होणाऱ्या तीन रोगांच्या खुणाही वाचता येतात. सेंट्रिफ्यूज नाही, सूक्ष्मदर्शक नाही, मायक्रॉनची मोजणी नाही. कात्रिना वादळानंतर 2005 मध्ये अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून वाचवलेल्या कुत्र्यांच्या तपासणीत जवळपास निम्म्यांत हार्टवर्मचं अँटीजेन सापडलं होतं. घरं उद्ध्वस्त झालेल्या त्या कुत्र्यांना देशभर नवी घरं शोधली जात होती, तेव्हा त्यांच्या रक्तात काय आहे हे कळणं किती मोलाचं होतं, ते या आकड्यावरून ध्यानात येतं.

इथे पुन्हा कुत्र्याचा धागा माणसाकडे वळला. वाइल यांनी 1987 मध्ये भारतीय संशोधकांसह माणसाच्या रक्तातलं हत्तीरोगाचं अँटीजेन पकडणारी एलायझा प्रसिद्ध केली. तिच्यातून पुढे कार्डावरची झटपट तपासणी आली आणि 1997 पासून ती जगभर पोहोचली. विदर्भात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. राष्ट्रीय फिलेरिया नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाल्यापासून इथले कर्मचारी रात्री साडेआठ-नऊनंतर वस्त्यांवर जात आले. दिवसभर शेतात राबून झोपलेल्या माणसाला उठवायचं, बोट टोचायचं, काचपट्टीवर जाड थेंब घ्यायचा आणि तो रंगवून कृमी शोधायचे. अँटीजेनची तपासणी दिवसा करता येते, आणि एवढ्या एका गोष्टीने पाहणीचं काम किती हलकं होतं, ते हे रात्रीचं काम केलेल्याला नेमकं ठाऊक असतं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकात याच प्रश्नावर काम करत होते. बोटातून टिपकागदावर घेतलेलं रक्त आणि परदेशी, महागड्या वितंचकाऐवजी पेनिसिलिनेज वापरून ग्रामीण प्रयोगशाळेत जमेल अशी एलायझा त्यांनी उभी केली. तपासणी अचूक हवी, त्याचबरोबर ती जिथे रोग आहे तिथे परवडायला हवी, ही त्यांची भूमिका होती.

कुत्र्यांच्या बाबतीत अँटीजेन तपासणीवरचा विश्वास पुढे इतका वाढला की तिच्या मर्यादा मागे पडल्या. डास चावल्यापासून पाच महिन्यांच्या आत ती काहीच दाखवत नाही, बहुधा साडेसहा-सात महिने लागतात. फक्त नर जंत असतील तर ती गप्प राहते. तिसरी मर्यादा अधिक खोल आहे. कुत्र्याची प्रतिपिंडं जंताच्या अँटीजेनला घट्ट धरून बसतात आणि मग किटमधल्या प्रतिपिंडांना पकडायला जागाच उरत नाही. 1980 च्या दशकातल्या सुरुवातीच्या तपासण्यांत ही जोडी फोडण्यासाठी रक्तजल आधी तापवत किंवा त्यावर रसायनाची प्रक्रिया करत. जंताचं अँटीजेन उष्णतेला दाद देत नाही, प्रतिपिंडं मात्र उष्णतेने निकामी होतात. किट सोपं करण्याच्या ओघात ही पायरी गळाली. 2014 मध्ये ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातल्या सुझन लिटल आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा करून पाहिली. रक्तजल 104 अंश सेल्सियसला दहा मिनिटं तापवून, फिरवून, वरचा स्वच्छ द्रव त्याच किटमध्ये घातला, तर आधी निगेटिव्ह आलेले काही कुत्रे पॉझिटिव्ह निघाले.

उत्साहाची लाट आली आणि तिच्यामागून सावधगिरीचे इशारेही. तापवल्यावर हार्टवर्मचं अँटीजेन मोकळं होतं, तसंच इतर जंतांचंही होतं. रेकॉन्डिटम, कातडीखाली राहणारा डायरोफिलेरिया रिपेन्स, युरोपातला फुप्फुसाचा जंत, हे सगळे निळा ठिपका उठवू शकतात. 2015 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं की अन्ननलिकेत स्पायरोसर्का असलेल्या कुत्र्यांतही हार्टवर्मचं किट पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणजे लुईस यांना कलकत्त्यात चकवणारा जंत एकशे चाळीस वर्षांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडांनाही चकवत होता. सरसकट सगळे नमुने तापवू नयेत, लक्षणांवरून दाट संशय असेल तेव्हाच हा मार्ग धरावा, असं अमेरिकन हार्टवर्म सोसायटी सांगते. दरवर्षी अँटीजेन आणि मायक्रोफिलेरिया या दोन्ही तपासण्या कराव्यात, हाही तिचाच आग्रह आहे.

नॉटच्या नळीला परत मान मिळण्यामागे आणखी एक कारण आहे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या काही हार्टवर्मवर मासिक गोळीचा असर पूर्वीसारखा होत नाही, हे गेल्या दोन दशकांत सिद्ध झालं. असा जंत ओळखायचा तर औषध देण्याआधी मायक्रोफिलेरिया मोजायचे, औषध द्यायचं, काही दिवसांनी पुन्हा मोजायचे. संख्या पडली नाही, तर संशय बळावतो. अँटीजेनच्या निळ्या ठिपक्यातून हे कळत नाही. त्यासाठी 1939 चीच रीत लागते, जोडीला जंताच्या जनुकांची तपासणी.

भारतात तर नजर आणि किट दोन्ही लागतात, कारण इथले जंत प्रदेशानुसार बदलतात. गुवाहाटी, ऐझॉल या ईशान्येकडच्या शहरांत कुत्र्यांच्या हृदयात इमिटिस सापडतो, हे तिथल्या पशुवैद्यकांनी नोंदवलं आहे. मुंबईचं चित्र वेगळं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या कुत्र्यांचं रक्त नॉटच्या रीतीने आणि पीसीआर या जनुकीय तपासणीने तपासलं गेलं. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातले मुकुलेश गटणे त्यात सहभागी होते. रक्तात कृमी भरपूर मिळाले, पण ते रिपेन्स आणि रेकॉन्डिटम या जातींचे होते. लडाखमध्ये तर अ‍ॅकॅन्थोकायलोनिमाची एक निराळीच जात आढळली. इमिटिस त्या नमुन्यांत नव्हता.

मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यात याचा अर्थ थेट आहे. स्लाइडवर वळवळणारा कृमी दिसला म्हणून हार्टवर्मचा जहाल उपचार सुरू करणं चूक ठरेल, कारण रिपेन्सचं पिल्लू इमिटिसपेक्षा थोडं मोठं असलं तरी घाईत दोन्ही सारखीच वाटतात. रिपेन्सकडे दुर्लक्ष करूनही भागत नाही. तो डासांमार्फत माणसात येतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखाली वळवळताना सापडतो. केरळ, कर्नाटक आणि मुंबईतल्या नेत्रतज्ज्ञांनी असे जंत शस्त्रक्रियेने काढले आहेत. किट पॉझिटिव्ह आलं तर कुत्रा आसामातून आणलाय का, परदेशातून आलाय का, हे विचारावंच लागतं. अन्ननलिकेत स्पायरोसर्काच्या गाठी आहेत का, तेही पाहावं लागतं, कारण तो जंत आपल्याकडे विरळ नाही.

माणसांच्या तपासणीलाही हीच अडचण भेडसावते आहे. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाच्या डोळ्याच्या जंताने ग्रासलेल्या काही माणसांत हत्तीरोगाचं कार्ड खोटं पॉझिटिव्ह येतं, कारण त्या जंताचं अँटीजेनही त्याच प्रतिपिंडाला चिकटतं. तिथे हे कळणं जीवनमरणाचं आहे, कारण लोआ लोआचे कृमी रक्तात प्रचंड असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. भारतात लोआ लोआ नाही. म्हणून आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम निवडक जिल्ह्यांपासून सुरू करता आली आणि त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नागपूर होतं. त्यांतलं डीईसी सुरुवातीलाच कुत्र्यांवर पारखलं गेलं होतं आणि आयव्हरमेक्टिनने हार्टवर्म रोखण्याची रीतच बदलली. नागपूरच्या वस्त्यांत हत्तीरोग संपत आल्याची खात्री करण्यासाठी आरोग्यसेवक रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घेतात, ती कुत्र्यांच्या रक्तातलं अँटीजेन शोधणाऱ्या वाइल यांच्याच संशोधनातून पुढे आली आहे.